उशिरा पोचलेली ऊब

दिवाळीनंतर आम्ही दोघं नवरा-बायको तवांगला निघालो आहोत. तवांग म्हणजे अरुणाचल प्रदेशाचं वायव्येचं टोक. गाव समुद्रसपाटीपासून साधारण दहा हजार फुटांवर आणि वाटेत सेला खिंड आहे ती साडेतेरा हजार फुटांच्याही वर. सोलापूरच्या माणसानं अशा ठिकाणी जायचं म्हणजे आधी कपड्यांची काळजी. आमच्याकडे थंडी चार दिवसांच्या पाहुणीसारखी येते आणि एका सोलापुरी चादरीत भागून जाते. त्यामुळे सहलवाल्यांनी पाठवलेली छापील यादी वाचूनच मला हुडहुडी भरली. अंगालगत घालायचे थर्मल, लोकरी स्वेटर, वारा अडवणारं जॅकेट, लोकरी मोज्यांचे तीन जोड, हातमोजे, मफलर, कानटोपी.

पुण्याला नोकरी करणारी लेक शनिवारी मुद्दाम आली. यादी हातात घेऊन तिनं कपाटातलं आणि ट्रंकेतलं सगळं पलंगावर काढलं आणि दोन ढीग केले. एक न्यायचं, एक ठेवायचं. न्यायच्या ढिगात तिनंच आणलेलं एक जॅकेट होतं. दिसायला ऐटदार, हातात घेतलं तर पिसासारखं हलकं. ठेवायच्या ढिगात माझा पुढून बटणांचा तपकिरी स्वेटर गेला. मोहल्ल्यातल्या मास्तरांनी वीस वर्षांपूर्वी शिवून दिलेला, रॅगलन बाह्यांचा जाड कोट गेला. माझी माकडटोपी तर तिनं दोन बोटांत धरून उचलली.

‘‘अब्बा, ही घालून फोटो काढलात ना, तर तो मी कुणालाही दाखवणार नाही.’’

मी हसलो. तिचं चूक नाही. प्रवासाला निघालेल्या माणसाला ऊबही हवी असते आणि चारचौघांत बरं दिसायचंही असतं. दोन्ही गोष्टी एकाच पेटीत बसवायच्या, हीच तर कसरत असते. पण त्या टाकलेल्या ढिगाकडे पाहताना माझ्या मनात वेगळाच विचार आला. बी. ए.ला माझा विषय इतिहास होता. पदवी तेवढीच, पण वस्तू दिसली की तिचं गाव विचारायची खोड तेव्हापासून लागली. आणि या ढिगातल्या तीन वस्तूंचं गाव एकच आहे. पुढून बटणांचा स्वेटर म्हणजे कार्डिगन. रॅगलन बाही. आणि माकडटोपी, जिला इंग्रज बालाक्लावा म्हणतात. यातली दोन नावं माणसांची आहेत आणि एक गावाचं. ती दोन्ही माणसं आणि ते गाव एकाच युद्धातलं. त्या युद्धाचं नाव क्रिमियाचं युद्ध. तुमच्याही कपाटात या तिघांपैकी एखादं नक्की असेल.

काळ्या समुद्रात उत्तरेकडून घुसलेलं क्रिमिया हे द्वीपकल्प. १८५४ साली इंग्रज, फ्रेंच आणि तुर्क एकत्र होऊन रशियाशी लढायला तिथे उतरले. सेवास्तोपोलचं आरमारी ठाणं जिंकायचं, एवढाच बेत. फौजा किनाऱ्याला लागल्या त्या १४ सप्टेंबरला. हवा छान होती. आल्माच्या काठची पहिली मोठी लढाई आठवड्याच्या आत जिंकली. हिवाळ्याच्या आत सगळं आटोपेल, असा सेनापतींचा हिशेब होता. सैनिक तर इतके अशक्त झाले होते, की उतरताना त्यांच्या पाठपिशव्या जहाजांवरच ठेवल्या. अंगावरचे कपडे, एक डगला, एक घोंगडी, एवढ्यावर ती माणसं परक्या मुलखात उतरली. पण सेवास्तोपोल पडलं नाही. वेढा घालून बसावं लागलं आणि हिवाळा आला.

या फौजेचे सरसेनापती लॉर्ड रॅगलन. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत त्यांचा उजवा हात गेला होता. खांद्यावर शिवण असलेला कोट चढवणं अशा माणसाला त्रासाचं. म्हणून गळपट्टीपासून थेट काखेपर्यंत तिरकी शिवण असलेली सैल बाही त्यांच्यासाठी बेतली गेली, असं सांगतात. आमचे मास्तर कोट बेतताना सहज विचारायचे, ‘‘बाही साधी की रॅगलन?’’ त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की आपण एका हात गमावलेल्या लॉर्डाचं नाव घेतोय!

दुसरे लॉर्ड कार्डिगन. लाइट ब्रिगेड या घोडदळाचे प्रमुख. या गृहस्थांना थाटामाटाची मोठी हौस. आपली अकरावी हुसार पलटण सगळ्यांत देखणी दिसावी म्हणून ते पदरचा पैसा पाण्यासारखा खर्च करत. त्यांच्या स्वारांच्या गडद लाल रंगाच्या तुमानी इतक्या तंग असत, की लंडनची वर्तमानपत्रं त्यांची टर उडवत. क्रिमियात सैनिक चिखलात तंबू ठोकून राहत होते, तेव्हा कार्डिगनसाहेब रात्री बंदरात उभ्या असलेल्या स्वतःच्या नौकेवर झोपायला जात. अंगात ते लोकरी विणीची एक बंडी घालत, असं म्हणतात. २५ ऑक्टोबर १८५४ला बालाक्लावाच्या लढाईत चुकीच्या समजुतीनं आलेल्या हुकुमावर त्यांनी सहाशेहून जास्त स्वार घेऊन रशियन तोफांच्या तोंडावर चाल केली. स्वार पडले, साहेब वाचले. डिसेंबरात ते क्रिमिया सोडून निघाले आणि जानेवारीत इंग्लंडमध्ये पोचले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. दुकानदारांनी त्यांच्या नावाच्या लोकरी बंड्या विकायला काढल्या. माझा तपकिरी स्वेटर त्याच वंशातला.

पण खरी गोष्ट सुरू होते ती यानंतर.

१४ नोव्हेंबर १८५४ला बालाक्लावाच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ झालं. तंबू उडून गेले. बंदराबाहेर नांगरलेली जहाजं कड्यांवर आपटून फुटली. त्यांत ‘प्रिन्स’ नावाची एक मोठी आगबोट होती. फौजेसाठी आलेले हिवाळी डगले, लोकरी कपडे, बूट हे सगळं तिच्या पोटात होतं आणि ते उतरवून घ्यायचं राहिलं होतं. ती बोट माणसांसकट बुडाली. म्हणजे पहिलं बर्फ पडायच्या तोंडावर त्या फौजेची सगळी ऊब समुद्राच्या तळाशी गेली.

पुढचे तीन महिने जे झालं ते वाचवत नाही. बंदरापासून छावणी दहा-बारा किलोमीटरच्या आत. पण रस्ता नाही, नुसता चिखल. बंदरात माल येऊन पडायचा आणि वरची माणसं उपाशी. जनावरं भुकेनं मेली, मग सैनिकच ओझी वाहू लागले. गरम कॉफी प्यायला मिळावी म्हणून सरकारनं कॉफी पाठवली, ती हिरव्या, न भाजलेल्या बियांची. ती भाजायला जळण नव्हतं, दळायला जातं नव्हतं. बूट आले तर ते सुजलेल्या पायांत जाईनात. खंदकात रात्रभर भिजलेला माणूस त्याच ओल्या डगल्यात, ओल्या जमिनीवर झोपायचा आणि सकाळी उठायचाच नाही. पुढे चौकशी झाली तेव्हा बाहेर आलं, की कोठारात काही डगले शिल्लक होते. पण सैनिकाला डगला तीन वर्षांतून एकदाच द्यायचा, असा नियम होता. नियम पाळला गेला.

या युद्धात इंग्रजांची सुमारे एकवीस हजार माणसं मेली. लढताना आणि जखमांनी मेलेली पाच हजारांच्या आत. बाकीची सोळा हजारांवर रोगराईनं गेली. आणि त्या रोगराईला दार उघडून दिलं ते थंडीनं, ओलीनं आणि उपासमारीनं. रशियन तोफांपेक्षा आपल्याच कारकुनीनं जास्त माणसं मारली, असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं होणार नाही.

हे जगाला कळलं ते ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल तिथे होता म्हणून. त्याच्या पत्रांनी इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. १८५५च्या जानेवारीअखेर अबर्डीनचं मंत्रिमंडळ कोसळलं. आणि घराघरांतल्या बायकांनी सुया हातात घेतल्या. मोजे, हातमोजे, गळपट्टे आणि डोकं, कान, मान झाकून फक्त चेहरा उघडा ठेवणाऱ्या टोप्या विणल्या जाऊ लागल्या. त्या टोप्यांना बालाक्लावाचं नाव छापील मजकुरात रूढ व्हायला पुढे काही दशकं जावी लागली. पण वस्तू त्या हिवाळ्यातली. गठ्ठे बांधून जहाजांवर चढले. आणि ते सैनिकांच्या अंगावर पुरेसे पडले तेव्हा काय झालं होतं? हिवाळा सरत आला होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये छावणीत लोकरी कपड्यांची रेलचेल झाली, बंदरापासून वर आगगाडीचे रूळही टाकले गेले. आणि ज्यांच्यासाठी ती लोकर विणली होती, त्यांतले कितीतरी जण तोवर मातीखाली होते.

कॉलेजात असताना टेनिसनची लाइट ब्रिगेडवरची कविता आम्हाला अभ्यासाला होती. १८५४च्या डिसेंबरात, म्हणजे त्या चढाईनंतर सहा-सात आठवड्यांत, ती छापून आली. मीही त्या वयात ती तालासुरात म्हणत फिरायचो. तिच्यात घोडे आहेत, तोफा आहेत, मरणाला न भिणारे स्वार आहेत. थंडी नाही. ज्या महिन्यात ती कविता इंग्लंडात वाचली जात होती, त्याच महिन्यात टेकडीवर माणसं ओल्या डगल्यात गोठून मरत होती आणि त्यांच्यावर कविता झाली नाही. मी स्वतः कविता लिहितो, म्हणून टेनिसनला दोष द्यायला धजत नाही. तोफेच्या आवाजाला छंद सापडतो. तंबूत कुडकुडत, कुणाला न कळता मेलेल्या माणसाला छंद सापडणं अवघड असतं. आम्हा कवींची ही जुनी उणीव आहे.

आता या गोष्टीत आपला माणूस येतो. कानपूरजवळच्या बिठूरला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब राहत होते. १८५१ साली बाजीराव वारले आणि कंपनी सरकारनं त्यांची आठ लाखांची तनखा बंद केली. ती मागायला नानासाहेबांनी लंडनला वकील पाठवला तो अझीमुल्ला खान. १८३७-३८च्या दुष्काळात आईबरोबर कानपूरच्या मिशनच्या आश्रयाला आलेलं हे पोर. साहेब लोकांच्या घरी नोकरी करता करता इंग्रजी शिकलं, फ्रेंच शिकलं आणि पेशव्यांचा विश्वासू मंत्री झालं. लंडनमध्ये त्याच्या रुबाबाची वाहवा झाली. अर्ज मात्र फेटाळला गेला. १८५५ साली परत येताना अझीमुल्ला सरळ हिंदुस्थानात आला नाही. कॉन्स्टँटिनोपलला थांबला आणि तिथून मुद्दाम क्रिमियाला गेला. इंग्रज आणि फ्रेंच दोघांनाही दाद न देणारे रशियन त्याला पाहायचे होते. त्यानं त्यांना रुस्तमाची उपमा दिली, असं त्याला तिथे भेटलेल्या रसेलनं पुढे नोंदवून ठेवलं आहे.

तो गेला तेव्हा उन्हाळा होता. जूनमधला इंग्रजांचा हल्ला नुकताच फसला होता. थंडी ओसरली होती, पण तिनं पोखरलेली फौज समोर होती. कानपूरच्या छावणीत ताठ मानेनं कवायत करणारे इंग्रज अझीमुल्लानं लहानपणापासून पाहिले होते. त्याच इंग्रजांची ही अवस्था पाहून त्याच्या मनात काय आलं असेल? त्यानं ते लिहून ठेवलेलं नाही. पण दोन वर्षांनी, १८५७ साली, कानपूरच्या उठावात नानासाहेबांच्या बाजूला तो होता, हा इतिहास आहे. रसेललाही १८५८ साली हिंदुस्थानात आल्यावर क्रिमियातली ती भेट आठवली. साहेब अजिंक्य नाही. त्याची रसद तुटली, त्याला वेळेवर डगला मिळाला नाही, तर तोही आपल्यासारखाच थंडीनं मरतो, एवढं त्याला तिथे दिसलं असणार, असं मला वाटतं.

आणि दैवाचा खेळ पाहा. क्रिमियात अपुऱ्या कपड्यांनी मेलेली हीच फौज १८५७च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानात जाड कापडाचे तंग गणवेश घालून लढली. कितीएक सैनिक नुसत्या उष्माघातानं गेले. मग त्यांनी आपले पांढरे सुती कपडे चहाच्या पाण्यात, चिखलात, मिळेल त्या रंगात बुडवले. मातीच्या रंगाचे, म्हणून खाकी. खाक म्हणजे माती. आमच्या बोलण्यातला हा फारसी शब्द सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीत दहाएक वर्षं आधीच रुळला होता. आता तो सगळ्या फौजेत गेला. कपडा दरबाराला शोभणारा नव्हे, हवेला मानवणारा असावा लागतो, हा धडा इंग्रज दोन्ही टोकांना जाऊन शिकले.

परमुलखात, ऐन थंडीत रसद तुटली की काय होतं, हे खरं तर मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. १४ जानेवारी १७६१, पौष महिना, पानिपत. भाऊसाहेबांची फौज रणात हरली त्याच्या आधी कित्येक दिवस उपाशी होती. पण धडा एकाला मिळाला म्हणून दुसऱ्याला मिळतोच असं नाही. पुढच्या पिढीलाही मिळतो असं नाही. म्हणून मी आता आमच्या तवांगकडे येतो.

१९६२ साली तवांगच्या पश्चिमेला, भूतानच्या कोपऱ्याजवळ, नामका चू नावाच्या नदीकाठी आपली सातवी ब्रिगेड उभी होती. समोर थागला कड्यावर चिनी सैन्य. चिन्यांना तिथून हटवा, असा दिल्लीचा हुकूम. जवान त्या उंचीवर पोचले ते घाईघाईनं. काही तुकड्या थेट सपाटीवरून आल्या होत्या. अंगात सुती गणवेश, पायांत कॅनव्हासचे बूट, पांघरायला एखादी घोंगडी. ऑक्टोबरात तिथे रात्री पाणी गोठतं. गरम कपडे, तंबू, दारूगोळा विमानांतून त्सांगधरच्या पठारावर टाकला जात होता. पण पठार चिंचोळं, छत्र्या जुन्या. बराच माल वाऱ्यानं भरकटत खोल दऱ्यांत गेला. तिथून तो वर आणणं कुणाला शक्य नव्हतं. हे वाचताना मला ‘प्रिन्स’ बोट आठवली. तिथे ऊब समुद्रात गेली, इथे दरीत. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला झाला आणि ती ब्रिगेड मोडली. तिचे ब्रिगेडियर जॉन दळवी कैद झाले. सुटून आल्यावर त्यांनी ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक लिहिलं. ते १९६९ साली निघालं. शौर्यात कमी पडलो नाही, तयारीत कमी पडलो, हे त्या पुस्तकाचं दुखणं आहे.

त्यानंतर देशानं जे केलं तेही क्रिमियासारखंच. मंगळसूत्रातल्या सोन्यापर्यंत लोकांनी दान दिलं. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण अभिमानानं म्हणू लागलो. आणि घराघरांत, शाळाशाळांत जवानांसाठी स्वेटर विणायला सुरुवात झाली.

त्यांत माझी अम्मी होती. तेव्हा ती चौदा वर्षांची, आठवीत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि बाईंनी वर्गात लोकरीच्या लडी वाटल्या. लोकर खाकी रंगाची. जिला येत होतं तिनं स्वेटर विणायचा, जिला येत नव्हतं तिनं मफलर. अम्मीला काहीच येत नव्हतं. बाईंनी तिला मधल्या सुट्टीत सुलट टाका आणि उलट टाका शिकवला. सोलापूरच्या उन्हातल्या त्या मुलीला थंडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. बर्फ तिनं फक्त सरबताच्या गाडीवर पाहिलेला. रात्री कंदील मोठा करून ती विणायची. टाका सुटला की उसवायची, पुन्हा घालायची. आजोबा ओरडायचे, घासलेट संपतंय म्हणून. जवानांसाठी आहे म्हटल्यावर गप्प बसायचे.

मफलर पुरा होऊन शाळेत जमा झाला त्याआधीच, २१ नोव्हेंबरला, युद्ध थांबलं होतं. तवांग पडून महिना होत आला होता. नामका चूच्या काठी कुडकुडलेल्या कुणालाही अम्मीचा मफलर मिळणं शक्य नव्हतं.

हा हिशेब मी तिला एकदा सांगितला. नुकताच पदवीधर झालो होतो आणि सगळ्या गोष्टी तारखा लावून पाहायचं वय होतं. ‘‘अम्मी, तुमचे सगळ्यांचे मफलर उशिरा पोचले,’’ मी म्हणालो. ती धान्य निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘‘थंडी काय एकाच वर्षी येते का रे? पुढच्या साली घातला असंल कुणीतरी.’’

मी तेव्हा काही बोललो नाही. आज वाटतं, तिचं बरोबर होतं आणि माझंही. उशिरा पोचलेली ऊब वाया जात नाही, हे खरं. पण ज्याला ती हवी होती त्याला ती मिळत नाही, हेही खरं. बायका-मुलींनी विणलेल्या लोकरीचं कौतुक करताना, ती विणायची वेळ का आली, हे विचारायचं राहून जातं. क्रिमियात ते रसेलनं विचारलं, आपल्याकडे दळवींनी. कुडकुडणाऱ्या माणसाचं धैर्य गाण्यापेक्षा त्याला डगला वेळेवर देणं कमी दिसतं, कमी गाजतं. पण काम तेच करतं.

लेकीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की ऊब जाडीत नसते. लोकरीच्या विणीत अडकून बसलेली हवा आपल्याला गरम ठेवते. म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे. अंगालगत सुती नको, कारण घामानं भिजलेलं सूत गारठतं. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते. कपडे तंग नकोत, नाहीतर हवेला जागा राहत नाही. कार्डिगनसाहेबांच्या तुमानीचा दोष तोच. मोजे आणि बूट आधी घालून, चालून पाहायचे. आणि गरम कपडे मोठ्या पेटीत तळाशी नकोत, हातातल्या पिशवीत हवेत. पेटी भलत्याच गाडीत गेली तर? बंदरात पडून असलेला डगला टेकडीवरच्या माणसाच्या कामाचा नसतो.

ती म्हणाली, ‘‘अब्बा, तुम्ही तर पक्के फिरस्ते निघालात.’’ मग तिनं आपल्याच हातानं तपकिरी स्वेटर न्यायच्या ढिगात टाकला, जॅकेटच्या आतून दिसणार नाही म्हणून. कोट मात्र वजनामुळे राहिला. माकडटोपीवरही तोड निघाली. रात्री खोलीत घालायची, फोटोत नाही.

ट्रंकेच्या तळाशी अम्मीच्या सुया होत्या आणि त्यांच्याशेजारी एक करडा मफलर. शाळेतल्या त्या पहिल्या मफलरच्याच विणीचा दुसरा. लग्नानंतर तिनं तो अब्बांसाठी विणला होता. थंडीच्या दिवसांत फजरच्या नमाजाला मशिदीत जाताना त्यांच्या कानांभोवती तो असायचा. आता दोघंही नाहीत. मफलरची एक कड थोडी वाकडी आहे. लेकीनं तो उलगडून पाहिला, गळ्याशी धरला आणि म्हणाली, ‘‘हा मात्र छान दिसेल जॅकेटवर.’’

तवांगच्या युद्धस्मारकात काळ्या ग्रॅनाइटवर १९६२च्या हुतात्म्यांची २,४२० नावं कोरलेली आहेत. रॅगलन आणि कार्डिगन यांची नावं जगभरच्या शिंप्यांच्या तोंडी राहिली. या जवानांची नावं त्या भिंतीवर आहेत आणि ती वाचायला तिथवर जावं लागतं. मी जाणार आहे. अम्मीनं विणलेला पहिला मफलर कुठे गेला, कुणाच्या गळ्यात पडला, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. दुसरा मी तिकडे घेऊन चाललो आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)